वर्गणी भरलेली, खुर्ची रिकामी

मराठी कार्यक्रमांना आता पूर्वीसारखे प्रेक्षक येत नाहीत, ही तक्रार आमच्या संस्थांच्या वार्षिक अहवालांतून गेली कित्येक वर्षे नेमाने छापली जात आहे. कारणेही ठरलेली असतात : दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी, नव्या पिढीची उदासीनता आणि आमच्या इंदुरात हिंदीचे वाढते वर्चस्व. या कारणांत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती सांगणाऱ्यांनी एकदा आपलीच सभासद-नोंदवही उघडून पाहावी. वर्गणी वेळेवर येते. पावत्या फाटतात. प्रयोगाच्या दिवशी मात्र पुढच्या पाचसहा रांगांत, म्हणजे नेमक्या जुन्या सभासदांच्या रांगांत, खुर्च्या मोकळ्या असतात. या खुर्च्यांचे धनी गेले कोठे? ते कोठेही गेलेले नाहीत. रामबागेत, लोकमान्य नगरात, आपापल्या घरी बसलेले आहेत. कोणाचे गुडघे उत्तर देतात, कोणाला संवाद ऐकू येत नाहीत, कोणाची दृष्टी काचबिंदूने नेली. नाटकाची आवड यांपैकी एकाचीही गेलेली नाही.

महाराष्ट्रातील वाचकास यातील एक गोष्ट चटकन उमगणार नाही. पुण्यातील वृद्ध गृहस्थ नाट्यगृहात जाऊ शकले नाहीत तर त्यांचे नाटक चुकते, मराठी चुकत नाही. ती त्यांना भाजीवाल्याकडे भेटते, बँकेत भेटते, जिन्यात भेटते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे होळकर-शिंदे-गायकवाडांच्या काळापासून वा त्याही आधीपासून स्थिरावलेल्या घरांची गोष्ट वेगळी. येथे नातवंडे आपसांत हिंदी बोलतात, शेजारी हिंदी बोलतात, डॉक्टर हिंदी बोलतो. ऐंशी वर्षांच्या आजींच्या वाट्याला सलग दोन-अडीच तास मराठी येते ती सभागृहात. त्या सभागृहाच्या चार पायऱ्या त्यांना चढता आल्या नाहीत, की त्यांच्यापुरती इंदुरातील मराठी संपली. भाषा वाचविण्याचे ठराव दर अधिवेशनात मांडणाऱ्यांनी ही चार पायऱ्यांची गोष्ट कधी विषयपत्रिकेवर घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

हे काम कोणाचे, हा आमच्या लेखाचा विषय आहे. आमचे म्हणणे असे की ते प्रसिद्धी-सचिवाचे आहे. हे वाचून अनेकांच्या भुवया उंचावतील याची आम्हांस कल्पना आहे. आमच्याकडे प्रसिद्धी-सचिव म्हणजे निमंत्रणपत्रिका छापून घेणारा, वृत्तपत्रांत बातमी देणारा आणि आता भ्रमणध्वनीवर गटागटांत फलक धाडणारा गृहस्थ. कार्यक्रम ठरला, नाट्यगृह ठरले, वेळ ठरली, की मग त्याला बोलावतात. इमारतीत शिरता येत नसेल तर तो प्रश्न बांधकाम उपसमितीचा, ऐकू येत नसेल तर ध्वनिक्षेपकवाल्याचा, आणि काहीच उपाय नसेल तर ज्याच्या त्याच्या नशिबाचा. प्रेक्षकास बोलावणारा माणूस एक आणि त्याच्यासमोर दार बंद ठेवणारे दुसरे, अशी ही वाटणी आहे. आम्ही शासकीय सेवेत तीन तपे काढली आहेत. जबाबदारी अशी तिघांत वाटली की ती कोणाकडेच राहत नाही, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको.

प्रगत देशांत कलासंस्थांसाठी प्रेक्षक मिळविणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. कला-विपणन असे त्याचे जड नाव. या व्यवसायातील एक जुना दिग्गज म्हणजे शिकागोच्या लिरिक ऑपेराचे प्रसिद्धीप्रमुख डॅनी न्यूमन. १९७७ साली त्यांनी वर्गणीदार कसे मिळवावेत यावर एक पुस्तक लिहिले. त्यांचा सिद्धांत सरळ होता : एकेका प्रयोगाचे तिकीट काढणाऱ्या लहरी प्रेक्षकामागे धावू नका, वर्षभराची वर्गणी आगाऊ भरणारा निष्ठावंत प्रेक्षक जोडा. अमेरिकेतील अनेक नाट्यसंस्था या सिद्धांतावर तरल्या. आमच्या इकडच्या संस्थांनी न्यूमन न वाचताच हाच मार्ग धरला आणि तो आम्हांस फळलाही. पण या मार्गात एक खोच आहे. वर्गणी भरली म्हणजे खुर्ची विकली गेली, आणि विकली गेलेली खुर्ची भरली की नाही हे पाहण्याचे हिशेबनीसाला कारण उरत नाही. निष्ठावंत सभासद म्हातारा होतो. तो सवयीने, काहीशा अभिमानानेही, वर्गणी भरत राहतो आणि येणे थांबवितो. जमाखर्चात तो हजर असतो. हिशेब तपासनिसाला आजवर यात काही वावगे दिसलेले नाही.

प्रसिद्धीच्या माणसाने याहून निराळे काय करावे, यासाठी एक उदाहरण देतो. ते वॉशिंग्टनचे आहे. इतक्या दूरचे उदाहरण घेण्याचे कारण एवढेच की जवळ सापडले नाही. तेथे मार्गारेट रॉकवेल नावाच्या दृष्टिहीन बाईंनी १९७४ साली अंधांसाठी वृत्तपत्रे-पुस्तके वाचून दाखविणारी एक नभोवाणी सेवा सुरू केली. कोडी फानस्टील हे त्या शहराच्या मेट्रो रेल्वेचे जनसंपर्क अधिकारी. हे या सेवेत स्वयंसेवक म्हणून आले आणि पुढे दोघे पती-पत्नी झाले. तेथील अरिना स्टेज या नाट्यगृहाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानात लावण्याची यंत्रणा बसविली, तेव्हा मार्गारेटबाईंचा सल्ला घेतला गेला. त्या यंत्रणेतून एक वेगळेच काम निघाले. संवाद मोठे करून ऐकविणारी ती यंत्रणा, तिच्यातूनच रंगमंचावर काय दिसते ते सांगितले तर? १९८१ साली बर्नार्ड शॉ यांच्या ‘मेजर बार्बरा’ या नाटकाचे असे वर्णन अंध प्रेक्षकांनी ऐकले. नाटक सुरू होण्यापूर्वी नेपथ्य आणि वेशभूषा यांची माहिती, आणि प्रयोग चालू असता दोन संवादांमधल्या मोकळ्या जागेत हालचालींचे मोजके वर्णन. (निष्पक्षपातीपणाने सांगावयाचे तर, ही कल्पना सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेगरी फ्रेझियर यांनी १९७०च्या दशकात आपल्या विद्यापीठीय प्रबंधात स्वतंत्रपणे मांडली होती.)

या वर्णनाचा त्यांनी घालून दिलेला नियम आमच्या समीक्षकांनीही ध्यानात घ्यावा असा आहे. दिसते तेवढे सांगावे, अर्थ लावू नये. ‘तो संतापला’ असे म्हणावयाचे नाही. ‘त्याने मूठ आवळली’ असे म्हणावयाचे. संताप ओळखण्याचा अधिकार प्रेक्षकाचा. रेल्वेचा जनसंपर्क अधिकारी आयुष्यभर हेच करीत असतो : गर्दीतल्या अनोळखी माणसाला, तो कोठे उभा आहे आणि पुढे काय येणार आहे, हे थोड्या शब्दांत सांगणे. म्हणूनच हे काम प्रसिद्धीच्या माणसाचे आहे असे आम्ही म्हणतो. पत्रक छापणे हा त्याच्या विद्येचा सर्वांत सोपा भाग होय.

मराठीत हे अशक्य आहे काय? आमची पिढी आकाशवाणीच्या नभोनाट्यांवर वाढली. पाऊल वाजले, दार करकरले, की सारा वाडा डोळ्यांसमोर उभा करणारे लेखक आणि निवेदक या भाषेत होऊन गेले. स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ रंगमंचावर आणले. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक त्यांनी २००८ साली सुरू केले. अंध कलावंत रंगमंचावर उभा राहिला तेव्हा टाळ्या वाजविणाऱ्या आमच्या सभागृहांत अंध प्रेक्षक आला, तर त्याच्या कानाशी कुजबुजणाऱ्या मुलीला मागच्या रांगेतून ‘शू’ केले जाते.

आता पायऱ्यांकडे वळू. आम्ही अभियंते नव्हतो, परंतु लोकनिर्माण विभागाची पुष्कळ अंदाजपत्रके आमच्या मेजावरून गेली आहेत. उतरणीचा नियम असा : दर एक इंच उंचीस किमान बारा इंच लांबी. सहा इंचांच्या चार पायऱ्या म्हणजे दोन फूट उंची, म्हणजे चोवीस फूट उतरण, आणि वर-खाली चाकाची खुर्ची वळविण्यापुरती सपाट जागा. दोन्ही बाजूंस कठडा. पृष्ठभाग खरबरीत. यात समजण्यास कठीण असे काही नाही. तरीही शहरात जेथे जेथे उतरणी झाल्या आहेत तेथे बहुधा सहा-आठ फुटांत काम उरकलेले दिसते. ही घसरगुंडी आहे. तिच्यावरून चाकाची खुर्ची वर चढविण्यास दोन धट्टेकट्टे पुरुष लागतात, आणि खाली उतरविण्यास देव. आमच्या परिचयाच्या एका संस्थेने सभागृहाचे नूतनीकरण केले. मखमली पडदे आले, प्रवेशद्वाराशी झुंबर आले, जुन्या खडबडीत फरश्यांच्या पायऱ्या जाऊन तेथे आरशासारखा ग्रॅनाइट आला. कठडा शोभेला बाधक म्हणून काढला. उतरणीस जागा नाही असे उत्तर मिळाले. आम्ही टेप घेऊन गेलो. इमारतीच्या पूर्वेस भिंतीलगत एकतीस फूट मोकळी जागा आहे. तेथे पदाधिकाऱ्यांच्या मोटारी उभ्या राहतात.

याच सभागृहात एका निवृत्त शिक्षिकेस चार तरुणांनी खुर्चीसकट उचलून वर नेले. तरुणांची भावना चांगली होती, सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपकावरून त्यांचे कौतुकही केले, छायाचित्रे निघाली. बाई त्यानंतर आलेल्या नाहीत. ज्या सभागृहात आपण चाळीस वर्षे स्वतःच्या पायांनी येऊन बसलो, तेथे देवीसारखे मिरवत जाणे त्यांना नको आहे. यात त्यांचे काय चुकले?

कानांचा प्रश्न यापेक्षा अवघड, कारण तो दिसत नाही. उतारवयात ऐकणे कमी होते ते सर्वच स्वरांचे सारखे होत नाही. उंच पट्टीतले ध्वनी आधी जातात, आणि भाषेतील स, श, त, क यांसारखी व्यंजने याच पट्टीत असतात. आवाज येतो, शब्द उमगत नाही. ‘सात’ आणि ‘हात’ एकच वाटतात. आमचे ध्वनिक्षेपकवाले यावर आवाज वाढवितात. त्याने भिंतींवरचा प्रतिध्वनीही वाढतो आणि होता तो शब्दही बुडतो. श्रवणयंत्र लावले तर ते खोकला, पिशव्यांची सळसळ, पंख्याची घरघर, सगळे सारखेच मोठे करते. यावर उपाय जुना आहे. सभागृहाभोवती तारेचे एक वेटोळे टाकतात, त्यातून ध्वनिक्षेपकाचा विद्युत्प्रवाह खेळवितात, त्याचे चुंबकीय क्षेत्र श्रवणयंत्रातील एक सूक्ष्म गुंडाळी पकडते, आणि नटाचा आवाज हवेतून न येता थेट कानात येतो. यास इंडक्शन लूप म्हणतात. अनेक श्रवणयंत्रांत त्यासाठी ‘टी’ अशी सोय असते. यंत्र घेताना ती आहे का हे विचारून घ्यावे. झुंबर घेणाऱ्या संस्थेने अशा तारेचे दरपत्रक मागविल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

कायदा काय म्हणतो हे सांगितले नाही तर आमची पूर्वीची नोकरी वाया गेली असे होईल. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. त्याचे कलम २९ संस्कृती आणि मनोरंजन यांविषयी आहे आणि दिव्यांगांसाठी कला सुगम्य करणे हे शासनाचे कर्तव्य म्हणून त्यात स्पष्ट लिहिले आहे. ‘ते सरकारचे, आम्ही खासगी संस्था,’ असे म्हणणाऱ्यांनी व्याख्यांचे कलम वाचावे. खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपन्यांबरोबर सोसायटी, संघ आणि न्यासही आहेत. म्हणजे आपण सर्व आलो. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीचा नकाशा मंजूर करू नये, असे कलम ४४ सांगते. पुढे राजीव रतूडी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमांतील ढिलाईवर बोट ठेवले : सुगम्यतेचे निकष निव्वळ मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, किमान काही निकष बंधनकारक हवेत.

चित्रपटवाले आमच्यापुढे गेले, हे लिहिताना थोडी शरम वाटते. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’ या चित्रपटाच्या निर्मात्यांना घरबसल्या दाखविल्या जाणाऱ्या आवृत्तीसाठी ध्वनिवर्णन आणि मथळे तयार करण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटगृहांतील प्रदर्शनासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आमच्या गोमंतकीय बंधूंच्या पणजीत जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट भरला आणि त्यात कला, खेळ, चर्चा सगळे होते. आमच्या संस्थांत या विषयाची आठवण होते ३ डिसेंबरला. त्या दिवशी कोणा दिव्यांग बंधूस शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह दिले जाते. ते स्वीकारण्यासाठी त्याला उचलूनच मंचावर न्यावे लागते, कारण मंचालाही पायऱ्याच आहेत. २०१५च्या अखेरीस अपंग हा शब्द जाऊन दिव्यांग आला. आम्ही तो तत्परतेने स्वीकारला. फलकावरचा शब्द बदलण्यास खर्च फार येत नाही.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, पैसा नाही. उतरण आणि तार यांस पैसा लागतो हे मान्य. परंतु निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रवेशास चार पायऱ्या आहेत, स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे, मदत हवी असल्यास या क्रमांकावर आदल्या दिवशी कळवावे’ एवढे छापण्यास किती पैसा लागतो? सोनेरी कागदावर तांबड्या बारीक अक्षरांऐवजी पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरे घ्यावीत, ती उलट स्वस्त पडतात. प्रयोग रात्री साडेआठऐवजी सायंकाळी पाचला ठेवावा, म्हणजे वृद्धांना उजेडात येता येईल आणि रिक्षा मिळेल. वक्त्याने ‘माझा आवाज सगळ्यांपर्यंत पोचतो आहे ना?’ असे विचारून ध्वनिक्षेपक बाजूस सारण्याची थोर परंपरा बंद करावी. ज्याच्यापर्यंत पोचत नाही, त्याला प्रश्नही ऐकू गेलेला नसतो. वक्त्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा, कारण पुष्कळ जण ओठांवरून शब्द ताडतात.

दुसरा आक्षेप रसभंगाचा. मंचाच्या कडेला संवादांची अक्षरे दिसू लागली तर नाटकाची शुद्धता जाते म्हणे. पहिल्या आणि दुसऱ्या अंकांच्या मध्ये अकरा प्रायोजकांची नावे, त्यांच्या दुकानांच्या पत्त्यांसह, वाचली जातात तेव्हा ही शुद्धता कोठे असते ते आम्हांस ठाऊक नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१८ साली अशी अक्षरे ज्याच्या त्याच्या चष्म्यातच दिसण्याची सोय केली. तितके नको, पण बाजूच्या भिंतीवर एक लहान पडदा कोणाचा रस भंग करील असे वाटत नाही. उलट ज्यांचे मराठी कच्चे आहे अशा सुना-नातवंडांनाही त्याचा लाभ होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत चलाख : ‘अशी माणसे येतच नाहीत, मग सोय कोणासाठी?’ नदीला पूल नाही म्हणून पलीकडचे कोणी येत नाही, आणि कोणी येत नाही म्हणून पूल नको. शासकीय टिप्पण्यांत हा युक्तिवाद आम्ही शेकडो वेळा वाचला आहे, तेव्हा त्याचे घराणे आम्हांस चांगले ओळखीचे आहे. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. यात आमच्या आजी नाहीत, कारण त्या स्वतःला दिव्यांग म्हणवून घेणार नाहीत. यात स्वमग्न मुलांच्या कित्येक माता नाहीत. मूल मध्येच ओरडेल, उठून फिरेल, या भयाने या माता वर्षानुवर्षे कोणत्याही सभागृहात गेलेल्या नाहीत. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या थिएटर डेव्हलपमेंट फंड या संस्थेने ‘द लायन किंग’चा एक प्रयोग खास अशा कुटुंबांसाठी करविला. आवाज आणि झगझगीत प्रकाश कमी केले, मुलांना आधी सचित्र माहिती पाठविली, उठून बाहेर जाण्याची मोकळीक ठेवली. नाटक तेच होते. आमच्या बालनाट्य शिबिराचा समारोप असा एकदा का होऊ नये?

आम्ही पुढील सर्वसाधारण सभेसाठी एक ठराव लेखी दिला आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. वार्षिक अहवालात वर्गणी भरलेल्या पण वर्षात एकदाही न आलेल्या सभासदांची संख्या स्वतंत्र द्यावी, आणि प्रसिद्धी-सचिवाने त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन कारण विचारावे. नाट्यगृह, वेळ, आसनव्यवस्था आणि ध्वनियोजना ठरविताना प्रसिद्धी-सचिवाची लेखी संमती आवश्यक करावी. पूर्वेकडील एकतीस फूट जागा मोटारींपासून मोकळी करून तेथे उतरणीचे अंदाजपत्रक तीन महिन्यांत मागवावे.

ठरावास अनुमोदक हवेत. सह्यांचा कागद संस्थेच्या कार्यालयात ठेवला आहे. कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांनी निरोप द्यावा, कागद आम्ही घरी घेऊन येऊ.